शनिवारी न मरणारं माकड

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी टांगलेली असते. तिच्यात आपण बाजारातून आलेली रिकामी पिशवी कोंबतो, मग दुसरी, मग तिसरी. एक दिवस दार उघडेनासं होतं तेव्हा कळतं, अरे बापरे, एवढ्या झाल्या! आमच्या गेमच्या किश्शांचं तसंच झालंय. घरी कोणी आलं की नवरा म्हणतो, "मेधा, यांना ते माकडाचं सांग ना." मी एक काढायला जाते आणि त्याच्यामागून सहा बाहेर येतात. पाहुण्यांचा चहा गार होतो.

तर आज पिशवीच उपडी करते.

यात माणसं फार नाहीत. अजित दिल्लीतच वाढलेला, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि रागावला की दोन्ही एकदम. फिरोज मिरजेचा. त्याचं मराठी आमच्या दोघांपेक्षा स्वच्छ, आणि हे तो आम्हाला रोज ऐकवायचा. तिसरी मी, लग्न करून पुण्याहून दिल्लीत आलेली, चित्रं काढणारी. आमची ओळख झाली मराठी मंडळाच्या बसमध्ये, जानेवारीत पानिपतच्या स्मारकाला, काला अंबला जाताना. मागच्या सीटवरचे एक काका तेव्हाच म्हणाले होते, "पानिपताच्या वाटेवर जमलेल्या माणसांनी पुढे एकत्र काही काढू नये!"

आम्ही व्हिडिओ गेम काढला.

*

नव्वदचं दशक मध्यावर आलं होतं. नोएडात नवे सेक्टर पडत होते, आधी बोर्ड लागायचा आणि मग रस्ता यायचा. शर्टाची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर वर्माजींचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. खाली मशीन सुरू झालं की वर आमचे मॉनिटर थरथरायचे. वर्माजी मनाने मोठे, पण व्हिडिओ गेम त्यांनी फक्त भाच्याच्या हातात पाहिलेला. बर्मिंगहॅमचा त्यांचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, इंडियात एखादा गेम करून घे, इकडे मी विकतो. एवढ्या आधारावर आम्ही तिघं नोकरीला लागलो.

कल्पना अजितची. एक माकड सरकारी ऑफिसात शिरतं, फायली उचलून खिडकीबाहेर फेकतं. जितक्या फायली फेकल्या तितके मार्क. त्याला हाकलायला ऑफिसने एक लंगूर पाळलेलं असतं, त्याने पकडलं की माकड मेलं. नाव, 'दफ्तर में बंदर'. दिल्लीच्या माणसाला यात गेम कुठे आहे तेच कळणार नाही, कारण हे तिथे रोज चालतं.

वर्माजींनी सगळं शांतपणे ऐकलं.

"हीरो कौन है?"

"बंदर, सर."

"विलेन?"

"लंगूर."

"और हीरोइन?"

अजितने माझ्याकडे पाहिलं, मी फिरोजकडे पाहिलं.

"सर, हीरोइन तो नहीं है."

"बिना हीरोइन के कौन खरीदेगा, यार? कुछ करो. लेकिन टाइम मत बढ़ाना!"

फिरोजने घसा साफ केला. "सर, लंगूर को ही लेडीज कर दें?"

वर्माजी एकदम खूश! मी लंगुराच्या डोक्यावर दोन लाल रिबिनी काढल्या, पाच मिनिटांचं काम. अशा रीतीने आमच्या गेमची व्हिलन आणि हिरॉइन एकच झाली. तिने अख्खा गेमभर हीरोच्या मागे धावायचं होतंच, त्यामुळे गोष्टीत काही बदलावं लागलं नाही.

*

या गेमसाठी अजितने सरकारी नोकरी सोडली होती. मी हे सहज लिहून गेले, पण सरोजिनी नगरात हे वाक्य लोक आवाज खाली करून बोलायचे. परीक्षा देऊन मिळवलेली यूडीसीची, म्हणजे अप्पर डिव्हिजन क्लार्कची जागा. पर्मनंट! पेन्शनवाली! त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणतो, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. मुलगाही त्याच वाटेने लागला म्हणून त्यांनी सगळ्या ब्लॉकला पेढे वाटले होते.

अकरा महिन्यांनी अजितने राजीनामा लिहिला आणि पाठवण्याआधी आप्पांच्या पुढ्यात ठेवला. आप्पांनी चष्मा लावला. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचला. मग खिशातून लाल पेन काढलं.

अजितला वाटलं, झालं, आता आपलं काही खरं नाही.

"'थ्रू प्रॉपर चॅनेल' कुठे आहे?" आप्पा म्हणाले. "विषयाखाली रेघ नाही. दुसऱ्या परिच्छेदात माकडाचं काय लिहिलंयस? कारण सांगायचं नसतं, 'वैयक्तिक कारणास्तव' पुरे. माझ्या मुलाचा राजीनामा मसुदा चुकला म्हणून परत आला, तर मी त्या बिल्डिंगमध्ये तोंड कसं दाखवू?"

अजितने तीनदा फेअर केला. तिसऱ्यांदा पास झाला!

मात्र त्या दिवसानंतर आप्पांनी त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. ना नोकरीबद्दल, ना गेमबद्दल. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं तर "कंप्युटरमध्ये आहे" म्हणून पुढे चालू लागायचे. अजितला हे फार लागायचं. "ओरडले असते तर परवडलं असतं यार," तो म्हणायचा. "एकदा गेम बाजारात येऊ दे. खोका नेऊन समोर ठेवतो. बघू कसे बोलत नाहीत!"

*

बाजारात यायला दहा दिवस राहिले होते. वर्माजींनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर काजू कतलीचा डबा उघडा.

"एक गुड न्यूज है, एक बैड न्यूज."

"पहले गुड न्यूज, सर."

"मेरे कजिन ने बर्मिंघम में फ्रोजन पराठे की फैक्टरी डाली है. बहुत बड़ी!"

आम्ही अभिनंदन केलं. काजू कतली घेतली.

"और बैड न्यूज, सर?"

"वही."

चुलतभावाने सगळं लक्ष पराठ्यांत घालायचं ठरवलं होतं. गेम रद्द! वर्माजींना खरंच वाईट वाटलं होतं. अजितने मागितला तसा त्यांनी गेमचा सगळा सोर्स कोड, म्हणजे आम्ही लिहिलेली मूळ आज्ञावली, चौदा फ्लॉपींवर घालून देऊन टाकली. "रख लो, किसी दिन काम आएगी."

सगळं एका जागी ठेवणं धोक्याचं, म्हणून अजितने त्या फ्लॉपी तिघांत वाटल्या, भावाभावांत भांडी वाटावीत तशा. मला पाच, फिरोजला चार, त्याला पाच. मी घरी आल्यावर माझ्या नवऱ्याने अजितला फोन लावून विचारलं, "म्हणजे एकाच्या हरवल्या तरी बाकीच्या दोघांच्या फ्लॉपींवर गेम चालेल, असंच ना?"

"नाही. एक जरी गेली तरी गेम अर्धवट."

"मग वाटल्या कशाला?"

याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही.

*

बारा वर्षं गेली. आम्ही तिघंही बऱ्या कंपन्यांत स्थिरावलो. अजितने गाझियाबादच्या एका नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथली लिफ्ट मूडमध्ये असली तर चालायची. आप्पा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, तेही त्याच्याकडे राहायला आले.

एक दिवस अजितचा फोन. "मेधा, आप्पांना काचबिंदू निघालाय. एक डोळा गेल्यात जमा आहे. दुसरा वर्षभर साथ देईल, डॉक्टर म्हणतात. मला तो गेम उभा करायचाय. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवा. तुझ्याकडच्या फ्लॉपी आहेत ना?"

"आहेत की!" मी छातीठोकपणे सांगितलं आणि फोन ठेवून शोधायला लागले. कपाटं झाली, माळा झाला, दिवाणाचं पोट झालं. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय हवंय?"

"त्या काळ्या चौकोनी चकत्या हो, कंप्युटरच्या."

"मग असं सांग ना! त्या शस्त्रांत आहेत."

आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा असते. नवऱ्याचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, माझे ब्रश, विळी, कात्री. गेम रद्द झाला त्या वर्षी मीच हळवी होऊन त्या फ्लॉपी पूजेत मांडल्या होत्या. पुढे मी विसरले, सासूबाई विसरल्या नाहीत. बारा दसरे! प्रत्येक फ्लॉपीला दर वर्षी हळद, कुंकू, अक्षता, आपट्याचं पान. वर पुन्हा रेशमी फडक्यात बांधून ठेवलेल्या.

अजित धावत आमच्याकडे आला आणि त्याने पहिली फ्लॉपी हातात घेऊन कानाजवळ हलवली. आतून तांदूळ वाजला.

त्याला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. तोवर फिरोज आला. त्याच्या चारही फ्लॉपींवर गोल गोल डाग. नसीमाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्या बारा वर्षं कपाखाली ठेवायला वापरल्या होत्या. "चहाचेच डाग आहेत," फिरोज म्हणाला, "निदान शिजवायला काही घातलेलं नाही!"

स्पिरिट, कापूस आणि टाचणी घेऊन आम्ही दोन रविवार त्या साफ करत बसलो. वाचायचं मशीन कुठून आणलं ते पुढे सांगते, आधी निकाल ऐका. माझ्या पाचही वाचता आल्या. फिरोजच्या चारही. अजितच्या पाच, ज्या त्याने हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्या होत्या, त्यातली एक कायमची गेली!

मी घरी येऊन हे सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वरही केली नाही.

"पूजा करत नसणार."

*

आता ते मशीन. फ्लॉपी घेणारा कंप्युटर एव्हाना कुठेच मिळेना. नेहरू प्लेसच्या एका दुकानदाराने तर फ्लॉपी हातात घेऊन आपल्या नोकरांना दाखवली, "देखो, ऐसी होती थी!" शेवटी फिरोजला एक जण सापडले, कोर्टकचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणारे त्रिपाठीजी. त्यांचं मशीन जुनं, फ्लॉपी घेणारं, आणि बॅटरीवर चालणारं.

"मशीन नहीं दूँगा," ते म्हणाले. "यहीं बैठ जाइए. बीच-बीच में आपका भी कर दूँगा."

मग एक भाडेकरार, एक नावातला बदल, एक हरवलेलं रेशनकार्ड आणि मध्ये आमचं माकड, असं तीन शनिवार चाललं. त्रिपाठीजी फार काळजी घेणारे. प्रत्येक फाइल पेन ड्राइव्हवर घालण्याआधी उघडून, नीट आली का ते बघायचे.

घरी आणून अजितने कोड चालवून पाहिला. पहिल्या फाइलच्या पहिल्याच ओळीत चूक. दुसरीच्या पहिल्याच ओळीत चूक. सगळ्यांच्या पहिल्याच ओळीत! उघडून बघतो तर प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं, 'मैं शपथपूर्वक बयान करता हूँ कि'. आणि तळाशी, 'उपरोक्त कथन सत्य है, इसमें कुछ भी छिपाया नहीं गया है'.

आम्ही धावत कडुनिंबाखाली गेलो. त्रिपाठीजी उलट आमच्यावरच चिडले. "खोलके देखा तो ऊपर हेडिंग ही नहीं! ऐसा कागज कौन एक्सेप्ट करेगा? मैंने अपनी तरफ से ठीक कर दिया, और आप नाराज हो रहे हैं!"

वरच्या आणि खालच्या ओळी खोडायला अजितला एक अख्खा रविवार लागला. फिरोज शेजारी बसून म्हणाला, "राहू दे ना एखाद्यात. शपथेवर दिलेला कोड जगात दुसऱ्या कोणाकडे असणार?"

*

आमचं काम रविवारी सकाळी चालायचं, अजितच्या हॉलमध्ये. आप्पा बाल्कनीत रेडिओ घेऊन बसायचे. आम्ही आलो की एवढंच विचारायचे, "उपसमितीची बैठक आहे वाटतं?" आणि पाठ फिरवायचे. एका डोळ्याने पेपर वाचायचे, नाकाजवळ धरून. अजित कामातून मान वर करून दर वेळी त्या पेपरकडे बघायचा. तो आणि नाक यांच्यातलं अंतर महिन्या-महिन्याला कमी होत होतं.

कोड लिहिताना मध्येमध्ये एकमेकांसाठी चिठ्ठ्या लिहून ठेवायची पद्धत असते. मशीन त्या वाचत नाही, माणसं वाचतात. आमच्या चिठ्ठ्या मराठीत होत्या, इंग्रजी अक्षरांत. बारा वर्षांपूर्वीची भांडणं जशीच्या तशी! 'फिरोज, इथे हात लावलास तर समोसा बंद.' त्याखाली, 'लावला.' त्याखाली, 'बंद.'

एका जागी सात ओळी होत्या आणि वर चिठ्ठी, 'हे का चालतं माहीत नाही. काढू नये.'

फिरोज आता मोठ्या कंपनीत मोठा माणूस. त्याच्या हाताखाली चाळीस जण. तो हसला. "किती अडाणी होतो रे आपण!" आणि त्याने त्या सात ओळी काढून टाकल्या.

माकड छतावरून चालायला लागलं. फायली तरंगायला लागल्या. लंगूर एका जागी बसून राहिलं आणि त्याच्या रिबिनी एकट्याच ऑफिसभर धावत सुटल्या!

फिरोजने मुकाट्याने सात ओळी परत घातल्या. आम्ही चहा आणायला उठलो तेव्हा त्याने हळूच खाली एक चिठ्ठी जोडली. मी नंतर वाचली. 'बारा वर्षांनी, वीस पुस्तकं वाचून पुन्हा पाहिलं. अजूनही माहीत नाही.'

*

गेलेल्या फ्लॉपीत आवाज होते. माकडाचं ची-ची, लंगुराचा हुंकार, सगळं गेलं. ते नव्याने करायचे म्हणून फिरोज अजितच्या बाथरूममध्ये मायक्रोफोन घेऊन शिरला. तिथे आवाज छान घुमतो म्हणे. पाऊण तास आतून जे काही ऐकू येत होतं ते मी इथे लिहू शकत नाही.

दार वाजलं. सोसायटीचा गार्ड, हातात काठी, मागे दहाव्या मजल्यावरच्या बाई.

"साहब, कंप्लेंट आई है. आपके बाथरूम में बंदर घुसा है."

तेवढ्यात बाथरूमचं दार उघडून घामाघूम फिरोज बाहेर आला. "झालं," म्हणाला, "आता मादीचा काढतो!"

*

गेम जवळजवळ उभा राहिला आणि नवंच लचांड निघालं. फिरोजने घरी खेळून पाहिला आणि फोन केला, "माकड मरत नाहीये." लंगूर पकडायचं, माकड अंग झटकून उठायचं आणि पुढे चालायला लागायचं. दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्यासमोर माकड व्यवस्थित मेलं, दहा वेळा मेलं. "तू काहीतरी गडबड करतोयस," अजित म्हणाला. मग एकदा अजितने रजा घेतली, तर त्याच्याकडेही मरेना. बुधवारी ऑफिसातून आल्यावर पाहिलं तर मेलं! असे तीन आठवडे गेले. तिकडे डॉक्टरांनी आप्पांचे थेंब वाढवले. अजित आता नुसता पडद्याकडे बघत बसायचा.

शेवटी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला लागले. मेलं तिथे फुली, नाही मेलं तिथे गोल. महिनाभराच्या खुणा झाल्यावर लांब उभी राहून पाहिलं. सगळे गोल दोनच रकान्यांत! शनिवार आणि मंगळवार.

कोडमध्ये शनिवार शोधला. सापडला! वार शनिवार असेल तर माकडाला मरण नाही. खाली चिठ्ठी, फिरोजच्या नावाची.

फिरोज लाजला. "आमच्या मिरजेत घराच्या भिंतीला लागून मारुतीचं देऊळ. शनिवारी कोणी माकडाला खडा जरी मारला तरी पारावरचे म्हातारे कान उपटायचे, माझाही उपटलाय. आणि इथे टेस्टिंगला मी दिवसातून दोनशे वेळा मारायचो. शनिवारी हात धजेना. म्हटलं कोणाला कळतंय?"

अजित हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. "अरे, मोठा इंजिनिअर तू! मशीनला वार पाळायला लावलास?"

मी मंगळवार शोधला. अजित उठून बसला.

"दिल्लीत मारुतीचा मंगळवार असतो," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

गेम रद्द व्हायच्या शेवटच्या आठवड्यात दोघांनी एकमेकांना न सांगता, एकमेकांपासून लपवून, एकच गोष्ट केली होती! मग कुठला वार काढायचा यावर वाद सुरू झाला. फिरोज म्हणे, मारुतीचा वार शनिवार, हे लहान पोरालाही माहीत असतं. अजित म्हणे, ऑफिस दिल्लीतलं, माकड दिल्लीचं, मंगळवार म्हणजे मंगळवार. अर्धा तास झाला, आवाज चढले, चहा गार झाला.

बाल्कनीतला रेडिओ बंद झाला.

"दोन्ही ठेवा," आप्पा तिथूनच म्हणाले. "केंद्र सरकारचं ऑफिस आहे ना? पाच दिवसांचा आठवडा!"

आम्ही तिघांनी वळून बाल्कनीकडे पाहिलं. वादाचा निकाल लागला म्हणून नव्हे. बारा वर्षांत त्या गेमबद्दल आप्पांनी काढलेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि त्यावरून कळलं की एवढे रविवार पाठ फिरवून बसलेला हा माणूस शब्दन् शब्द ऐकत होता. अजित पाणी आणायला म्हणून आत गेला, तो बऱ्याच वेळाने बाहेर आला.

*

पुढच्या रविवारी गेम तयार झाला. मी घरून मोठा मॉनिटर नेला. आप्पांना अजितने हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि ते अगदी पडद्याजवळ सरकले, चांगला डोळा पुढे करून.

"हे बाण चालायचे, आप्पा. ही उडी. आणि हे बटण दाबलं की फाइल उचलायची, पुन्हा दाबलं की टाकायची. ती बघा खिडकी." अजितचा आवाज परीक्षेला बसल्यासारखा येत होता.

पडद्यावर ऑफिस उघडलं. रॅक, टेबलं, पंखा. जिवंतपणा यावा म्हणून मी जमिनीवर चारदोन फायली विखुरल्या होत्या, टेबलांवरही ढीग लावले होते. कोपऱ्यात लंगूर झोपलेलं. फाइल बाहेर फेकल्याचा आवाज झाला की ते जागं होतं आणि खेळ सुरू होतो.

"हा कुठला सेक्शन?" आप्पांनी विचारलं.

"कुठलाच नाही, आप्पा. काल्पनिक."

"फायली जमिनीवर?"

आप्पांच्या माकडाने वाकून एक फाइल उचलली.

"शाब्बास! आता खिडकीकडे," अजित म्हणाला. "फेका!"

माकड खिडकीकडे गेलं नाही. ते संथपणे रॅककडे गेलं. आप्पांनी बटण दाबलं. फाइल रॅकवर जाऊन बसली.

"आप्पा, उलटं होतंय. याने मार्क वजा होतात."

"होऊ देत."

त्यांनी दुसरी उचलली. ती ठेवली. तिसरी उचलली. फाइल फेकलीच नाही म्हणून लंगूर जागंच झालं नाही. पाच मिनिटं त्या हॉलमध्ये फक्त बटणाचा आवाज येत होता. चौदा फ्लॉपी, उड्या, पाठलाग, रिबिनी, फिरोजचा बाथरूममधला पाऊण तास, यातलं काहीही आप्पांनी पाहिलं नाही. त्यांनी अकरा फायली एकेक करून जागेवर लावल्या आणि ऑफिस सुटल्याची घंटा झाली. मला अजितकडे बघवेना.

मग पडद्यावर मार्क आले. पासष्ट हजार पाचशे पंचवीस!

फिरोज खुर्चीतून उठलाच. त्याचा स्वतःचा विक्रम चारशे बाराचा होता. आमच्या त्या जुन्या कोडमध्ये शून्याच्या खाली जागाच नव्हती. इतक्या वर्षांत कोणी फाइल परत ठेवून पाहिली नव्हती, त्यामुळे हे कोणालाच माहीत नव्हतं. शून्यातून एक वजा झाला की आकडा गोल फिरून थेट सगळ्यात वरच्या टोकाला जाऊन बसत होता.

पडद्यावर ढोल वाजले आणि एक चौकट उघडली.

"काय विचारतंय?" आप्पा म्हणाले.

"नाव." अजितने चौकटीवर बोट ठेवलं. "तुम्ही पहिले आलात, आप्पा. पहिल्या आलेल्याचं नाव विचारतंय. इंग्रजीत, तीनच अक्षरं."

आप्पांनी कीबोर्ड जवळ ओढला. नाक टेकवून एकेक अक्षर बोटाने चाचपत शोधलं आणि दाबलं. आम्ही तिघं मागून वाकलो.

यू. डी. सी.

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि अजितकडे वळले.

"तू सोडलेली जागा रिकामी होती," ते म्हणाले. "भरली."